जमिनीचे सांधे : भूदृश्य परिस्थितिविज्ञानाची तोंडओळख

आजच्या विषयाचे नाव जरा बोजड आहे. इंग्रजीत ज्याला लँडस्केप इकॉलॉजी म्हणतात त्याला मराठीत भूदृश्य परिस्थितिविज्ञान असे म्हणता येईल. भूदृश्य म्हणजे डोंगर, रान, शेत, ओहोळ, वस्ती, रस्ता हे सारे मिळून डोळ्यांपुढे उभा राहणारा मुलूख. परिस्थितिविज्ञान म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, हवा यांच्याशी जे संबंध असतात त्यांचा शोध घेणारे शास्त्र. दोन्ही शब्द जोडले म्हणजे अर्थ असा होतो : एखाद्या मुलुखात रान कोठे आहे, शेत कोठे आहे, त्या दोहोंच्या मध्ये काय आहे, आणि या मांडणीमुळे पाणी, माती, बी, जनावर व माणूस यांच्या जाण्यायेण्यावर काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास. वनस्पतिशास्त्रज्ञ झाड पाहतो, मृदाशास्त्रज्ञ माती पाहतो. या शास्त्राचा अभ्यासक मांडणी पाहतो.

कोणी विचारील की, हे सारे ठीक, पण त्याचा आमच्या पोटापाण्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि पोटापाण्याचा संबंध नसलेल्या विषयावर बोलण्याची मला सवय नाही. म्हणून या शास्त्राची ओळख करून देताना ते शिकावयाचे कोठे, त्यात काम कोणते मिळते व कोणत्या अटींवर मिळते, हेही सांगणार आहे. आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी या विद्येत शिरावे असे मला का वाटते, ते त्यातूनच स्पष्ट होईल.

प्रथम आटगावचेच उदाहरण घेऊ. आपल्या एका अंगाला तानसा, दुसऱ्या अंगाला भातसा, वर माहुलीचे सुळके. मध्ये १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचलेला लोहमार्ग, त्याच्या सोबतीने जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, आणि आता शहापूर तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या रेघांच्या अधूनमधून भातखाचरे, वरकस माळ, सागाचे रान, पाडे, वीटभट्ट्या, कारखाने आणि मुंबईकरांची फार्महाऊसे. यांतील प्रत्येकाचे कार्यालय निराळे. रान वन खात्याचे, माळ महसूल खात्याचा, तलाव व जलवाहिन्या महानगरपालिकेच्या, रूळ रेल्वेचे, हमरस्ता आणखी कोणाचा. प्रत्येक कार्यालयाकडे आपापल्या तुकड्याचा नकाशा असतो. पण तुकड्यांच्या सांध्यांचा नकाशा कोणाकडे असतो? पावसाचे पाणी माळावरून ओहोळात, ओहोळातून खाचरात आणि खाचरातून नदीत जाते, तेव्हा ते वाटेत किती खात्यांच्या हद्दी ओलांडते हे त्याला ठाऊक नसते. हे सांधेच या शास्त्राचा विषय आहेत.

शास्त्र नवे असले तरी त्यातील मूळ विचार आपल्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. राबाचे पाहा. भाताचे रोप करावयाच्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर घालून पावसाळ्यापूर्वी ते भाजतात. त्या राखेत आवण जोमाने उठते व तणाचे बी जळून जाते. आता विचार करा, तो टहाळ आला कोठून? रानातून. गवत आले कोठून? वरकसातून. शेण ज्या गुरांचे, ती चरली कोठे? माळावर. म्हणजे सातबाऱ्यावर खाचराचे क्षेत्र काही गुंठेच असले, तरी ते पिकते त्याहून कितीतरी मोठ्या क्षेत्राच्या जोरावर. वरकस सुटले, त्यावर कुंपण पडले, तर खाचराची एक काडीही न हलता खाचराचा आधार जातो. हा हिशोब आपल्या कुणबी-ठाकूर शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. शास्त्राने तो मोजण्याची रीत काढली.

ही रीत काढण्याची सुरुवात जर्मनीत झाली. कार्ल ट्रोल हा भूगोलाचा पंडित विमानातून घेतलेली छायाचित्रे तपासत होता. वरून पाहिले असता रान, कुरण, नदीकाठ यांची नक्षी एकदम दिसते, आणि खाली उभे राहून झाडे मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते कळते, हे त्याच्या ध्यानात आले. १९३९ मध्ये त्याने या अभ्यासाला भूदृश्य परिस्थितिविज्ञान या अर्थाचे जर्मन नाव दिले. भूगोल वरून पाहतो व जीवशास्त्र जवळून पाहते. या दोन दृष्टी एकत्र आणाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

आपल्या मुंबईशीही या विचाराचा जुना संबंध आहे. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. १९१५ मध्ये त्याने मुंबई इलाख्यातील ज्या नगरांची पाहणी केली त्यांत ठाणेही होते. १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा पहिला प्राध्यापक झाला. गेडीस एक चित्र नेहमी काढीत असे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद, आणि त्या उतारावर ज्याच्या त्याच्या जागी खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि अगदी खाली कोळी. गावाचा विचार करावयाचा तर साऱ्या खोऱ्याचा केला पाहिजे आणि त्यात राबणाऱ्या माणसांसकट केला पाहिजे, हे त्याचे सांगणे. घाटमाथ्यापासून वसईच्या खाडीपर्यंत असाच छेद आपण आज काढला, तर त्यात कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी हे सारे आपापल्या जागी सापडतील, आणि गोदामातला हमाल व कारखान्यातला कंत्राटी कामगारही सापडेल.

पुढे १९८२ मध्ये या शास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात स्थापन झाली आणि १९८६ मध्ये अमेरिकेचा रिचर्ड फोरमन व फ्रान्सचा मिशेल गोद्रों यांनी या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यांनी रूढ केलेले तीन शब्द समजले म्हणजे या शास्त्राचे दार उघडते. पहिला ‘पॅच’ म्हणजे तुकडा : देवराई, तळे, रानाचा एखादा ठिपका. दुसरा ‘कॉरिडॉर’ म्हणजे दोन तुकड्यांना जोडणारी पट्टी : ओहोळाकाठची झाडी, डोंगराची सोंड, बांधावरची झाडांची रांग. तिसरा ‘मॅट्रिक्स’ म्हणजे तुकडे व पट्ट्या ज्यावर पसरलेल्या असतात तो आधार. घरची गोधडी डोळ्यांपुढे आणा. ठिगळे म्हणजे तुकडे, टाके म्हणजे जोड, आणि खालचे जुने लुगडे म्हणजे आधार. लुगडे विरले किंवा टाके उसवले तर ठिगळे शाबूत असूनही गोधडी पांघरता येत नाही. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि गावकऱ्यांनी राखलेल्या या लहान तुकड्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराई लहान असते, पण मोठ्या रानापासून मोठ्या रानापर्यंत जाणाऱ्या पाखराला व बीला ती मधला मुक्काम ठरते.

आता थोडे गणित करू. ते पाटीवर करता येईल इतके सोपे आहे. एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद असे रान घ्या. त्याचे क्षेत्र १०० हेक्टर. रानाच्या कडेला ऊन, वारा, वणवा, गुरे, कोयता यांचा उपद्रव अधिक असतो. हा उपद्रव कडेपासून १०० मीटर आत पोचतो असे धरू. चारी बाजूंनी १०० मीटर सोडले तर आतले शांत रान ८०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद, म्हणजे ६४ हेक्टर उरते. आता या रानातून एकमेकांना छेदणारे दोन रस्ते काढा, म्हणजे चार सारखे तुकडे झाले. रस्त्यांची रुंदी क्षणभर सोडून द्या. प्रत्येक तुकडा ५०० मीटरचा. त्याच्याही कडा सोडल्या तर आतले रान ३०० मीटर लांब व ३०० मीटर रुंद, म्हणजे ९ हेक्टर. चार तुकड्यांचे मिळून ३६ हेक्टर. कागदावर रान १०० हेक्टर होते ते १०० हेक्टरच राहिले. पण आतले रान ६४ हेक्टरांवरून ३६ वर आले. रस्त्यासाठी किती झाडे तोडली एवढाच आकडा विचारणाऱ्याला हे नुकसान कधीच दिसणार नाही. अहवाल वाचणाऱ्याने कोठे बोट ठेवावे, हे या साध्या गणिताने कळते.

याचा अर्थ कड म्हणजे नेहमीच वाईट, असा मात्र करू नये. तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झाले. तेथे २०१४ मध्ये वनपिंगळा हे लहान घुबड आढळले. हा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे कोणाला दिसलाच नव्हता व तो नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये तो खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला गच्च झाडी मानवत नाही. विरळ सागवानी रान, मध्ये उघडी जागा आणि घरट्याला जुन्या झाडाची ढोली, अशी मांडणी त्याला लागते. तेव्हा कोणत्या जीवाला कोणती मांडणी हवी, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सरसकट झाडे लावीत सुटणे म्हणजे निसर्गरक्षण, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता बिबट्याकडे वळू, कारण आपल्या भागात या शास्त्राचा खरा धडा त्यानेच दिला आहे. माळशेजच्या वर जुन्नरच्या बाजूस २००१ च्या सुमारास बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले. उपाय म्हणून बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्यात आले. बिबट्याची जागा रानात, उसाच्या फडात तो चुकून येतो, असा त्यामागील समज. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला तेव्हा दिसले की, असे सोडल्याने हल्ले थांबले नाहीत, उलट वाढले. पुढे अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे शेतीवाडीच्या, दाट वस्तीच्या त्या मुलुखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे राहात होते. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात लपण झाले, वस्तीभोवती कुत्री-डुकरे होतीच. मांडणी बदलली व तिच्यामागे जनावर आले. मग एका बिबट्याला उचलून नेल्याने मांडणी कशी बदलणार?

यांतील एका बिबट्याची वाट तर आपल्या दारावरूनच गेली. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले. सुमारे १२० किलोमीटर चालून हा आजोबा मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. वाटेत त्याने कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईचा कारखान्यांचा भाग व खाडी ओलांडली. या साऱ्या प्रवासात त्याने माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूस महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. आपल्याला घ्यावयाचा मुद्दा असा : नकाशावर माळशेज व नागला हे दोन वेगळे हिरवे ठिपके आहेत. मधली सारी जागा, म्हणजे आपले माळ, आपली खाचरे, आपले ओढे, यांना नकाशात काही नाव नाही. पण त्या निनावी जागेतूनच तो गेला. ती जागा होती म्हणून ते दोन ठिपके जोडलेले होते. आणि शेवटी त्याला मारले ते सांध्यावरच्या रस्त्याने.

सांध्यावरचा रस्ता शहाणपणाने बांधता येतो, हेही आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून जातो. तेथे मनसर ते खवासा या भागात रस्ता उचलून जनावरांसाठी खालून नऊ वाटा ठेवल्या. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावून पाहिले तर १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी ये-जा करीत होते, आणि त्यांत ११ निरनिराळे वाघ होते. समृद्धी महामार्गावरही याच संस्थेच्या सल्ल्याने अशा वाटा केल्या आहेत. रस्ता नको असे म्हणणारा मी नव्हे. रस्त्याने कारखाना येतो, कारखान्याने रोजगार येतो. पण वाट कोठे ठेवावयाची हे रस्ता आखतानाच ठरवावे लागते, आणि ते ठरविण्यास जनावराचा माग ओळखणारा माणूस व नकाशा वाचणारा माणूस, दोघेही लागतात.

पाण्याचीही गोष्ट याहून निराळी नाही. तानसा धरण १८९२ मध्ये झाले, वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्ये, मध्य वैतरणा २०१४ मध्ये; भातसा तर मुंबईचा सर्वांत मोठा आधार. या तलावांत पाणी साठते ते भोवतीच्या पाणलोटातील रान व माळ पावसाचे पाणी जिरवून हळूहळू सोडतात म्हणून. रान उघडे पडले तर पाण्याबरोबर माती तलावात उतरते. म्हणजे मुंबईच्या नळाचे एक टोक आपल्या डोंगरउतारावर आहे. त्याच डोंगरातल्या पाड्यावर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोठी जलवाहिनी दूरच्या दोन जागा जोडते आणि जवळच्या दोन जागा तोडते. कोणाचा कोणाशी जोड झाला आणि कोणाचा तुटला, हा प्रश्न शास्त्राचा आहे तसाच न्यायाचाही आहे.

येथे नकाशाविषयी एक सावधगिरीची सूचना. आकाशातून पाहणाऱ्या यंत्राला रंग दिसतो, उपयोग दिसत नाही. चैत्रात वरकस माळ पिवळा पडलेला असतो. सरकारी दप्तरात अशी झुडपांची व गवताची उघडी जमीन पडीक म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात, त्यात झुडपी माळ हा एक वर्गच आहे. एकदा पडीक म्हटले की ती जमीन कोणालाही द्यावयास मोकळी. पण त्याच माळावर राबाचे गवत होते, गुरे चरतात, कातकरी बाई कंद व रानभाजी काढते. नाव काय द्यावयाचे यावर जमिनीचे नशीब ठरते. म्हणून नाव देणाऱ्यांत आपला माणूस असावा.

सह्याद्रीविषयीचा मोठा वाद हेच सांगतो. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. तिने साऱ्या पश्चिम घाटाचे सुमारे ९ किलोमीटर बाजूचे चौरस पाडले व प्रत्येक चौरसाची प्रतवारी केली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भूदृश्य व मानवनिर्मित भूदृश्य असे दोन भाग केले आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवावे असे सुचविले. दोन्ही अहवालांचा कणा हेच शास्त्र आहे. पण गावोगाव चर्चा झाली ती ‘आमची जमीन जाणार’ किंवा ‘आमचा विकास थांबणार’ एवढ्याच दोन वाक्यांवर. चौरस कसे पाडले, गुण कसे दिले, आपले गाव कोणत्या रंगात आले व का आले, हे समजावून सांगणारे कोणी गावात नव्हते. ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याचा होकारही उसना आणि नकारही उसना.

आता शिकण्याविषयी. या विषयाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे क्वचितच आढळते. तो दुसऱ्या विषयांच्या अंगाने शिकावा लागतो. बारावीनंतर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूगोल घेऊन पदवी घ्यावी. भूगोल कला शाखेतूनही घेता येतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे. पुढे पुण्याच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्यातच प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांनाही हा विचार शिकविण्याचे मोठे काम केले. वन्यजीवांच्या अंगाने जावयाचे तर डेहराडूनची वन्यजीव संस्था आहे. नकाशाच्या अंगाने जावयाचे तर डेहराडूनचीच दूरसंवेदन संस्था आहे, जी १९६६ मध्ये विमानातील छायाचित्रे वाचण्यास शिकविण्यासाठी सुरू झाली. नागपूरला राज्याचे दूरसंवेदन केंद्र आहे. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यांची चौकशी वेळेवर करावी. आणि ज्याला कॉलेज परवडत नाही त्याने खचू नये. नकाशे करण्याचा क्यूजीआयएस हा संगणक-कार्यक्रम फुकट मिळतो, आणि इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून उपग्रहाची चित्रे सर्वांना दाखविते. ग्रंथालयात बसून मी जे थोडे शिकलो त्यावरून एवढे सांगतो की, जिद्द असली तर सुरुवात घरून होते. अर्थात पुढे गुरू लागतोच, आणि संख्याशास्त्रही लागते. गणिताचा कंटाळा करणाऱ्याने या वाटेला येऊ नये.

काम कोणते मिळते? वन खात्यात वनरक्षकापासून वनक्षेत्रपाल व त्यावरील पदांपर्यंत. विद्यापीठे व संशोधन संस्थांत प्रकल्प सहायक म्हणून. रस्ते, धरणे, खाणी यांचे पर्यावरणावरील परिणाम तपासणाऱ्या सल्लागार कंपन्यांत. नगररचनेच्या कार्यालयांत, जैवविविधतेच्या मंडळांत, स्वयंसेवी संस्थांत. कामाचा दिवस कसा असतो? निम्मा उन्हात व पावसात : झाडे मोजणे, विष्ठा व ठसे टिपणे, कॅमेरे बांधणे, लोकांशी बोलणे. निम्मा संगणकापुढे : ती टिपणे नकाशावर चढविणे व आकडे तपासणे. अहवाल लिहिण्याची हातोटी असलेल्या माणसाची तेथे फार गरज असते.

परंतु अटी नीट पाहा. या क्षेत्रातील पुष्कळशा नोकऱ्या प्रकल्पाबरोबर येतात व प्रकल्पाबरोबर जातात. दोन-तीन वर्षांचा करार, मग पुन्हा अर्ज. भविष्यनिर्वाह निधी आहे का, रानात साप चावला तर औषधाचा खर्च कोण करणार, स्त्री कर्मचाऱ्याला मुक्कामाची सोय काय, हे सही करण्यापूर्वी विचारावे. विचारल्याने नोकरी जात नाही, आणि जात असेल तर ती नोकरी तशीच जाणारी होती. याहून वाईट स्थिती वाट दाखविणाऱ्या गावकऱ्याची. माग कोणाचा, पाणवठा कोठे, कोणते झाड केव्हा फुलते हे तो सांगतो. रोजंदारी घेतो व घरी जातो. अहवालात त्याचे नाव आले तर आभाराच्या ओळीत येते. माझे म्हणणे असे की, हे ज्ञान म्हणजे कसब आहे, आणि कसबाला कुशल कामगाराचा दर मिळाला पाहिजे. गवंड्याला जो न्याय तोच माग काढणाऱ्या कातकऱ्याला. नेमणुकीचे पत्र, ठरलेला दर, अपघाताचा विमा आणि अहवालावर नाव, एवढ्या चार गोष्टी मागावयास हरकत नाही.

आता आपल्या मुलांनीच हे का शिकावे, ते सांगतो. २००६ साली दोन गोष्टी झाल्या. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. हक्क सांगावयास हद्द दाखवावी लागते आणि व्यवस्थापनास आराखडा लागतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळविला, तो वर्षानुवर्षे आपल्या रानाचा अभ्यास केल्यामुळे. त्याच वर्षीच्या पर्यावरण-परिणामांविषयीच्या अधिसूचनेप्रमाणे पुष्कळ मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवसांची नोटीस देऊन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. त्या ३० दिवसांत अहवाल वाचून, त्यातील नकाशा आपल्या ओहोळाशी ताडून, ‘येथे पाणवठा आहे तो दाखविलेला नाही, येथे गुरांची वाट आहे ती तोडली आहे’ असे पुराव्याने सांगणारा माणूस गावात असेल, तर सुनावणीला अर्थ येतो. नसेल तर घोषणा होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि काम ठरल्याप्रमाणे पुढे जाते. वेतनाच्या वाटाघाटीत ताळेबंद वाचता येणारा एक कामगार शंभर घोषणांचे काम करतो. जमिनीच्या वाटाघाटीत नकाशा हाच ताळेबंद.

म्हणून या सभेतील शिक्षकांना व पालकांना माझी एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी शाळेच्या वरच्या वर्गांनी आपापल्या गावाचा एक नकाशा करावा. त्यात खाचरे, वरकस, रान, देवराई, पाणवठे, ओहोळ, गुरांच्या वाटा, रस्ते व कुंपणे दाखवावीत आणि काय कोणाशी जोडलेले आहे व कोठे तुटले आहे ते निराळ्या रंगाने भरावे. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना विचारावे, पाड्यावर जाऊन विचारावे, आणि सांगणाऱ्याचे नाव नकाशाच्या कोपऱ्यात लिहावे. दहा वर्षांनी तोच नकाशा पुन्हा काढला म्हणजे काय बदलले ते आपले आपल्यालाच कळेल. त्या वर्गातून एखादी मुलगी वा मुलगा ही विद्या पुढे शिकावयास गेला, तर पुढच्या जनसुनावणीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना नकाशा वाचणारी माणसे बसलेली असतील.